गेर्डा टारोचे नाव छापा : मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, साप्ताहिके, दिवाळी अंक आणि वृत्तसंकेतस्थळांचे संपादक व फोटो विभागाचे प्रमुख

सन्माननीय संपादकहो,

बार्सिलोनाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक तरुणी एका गुडघ्यावर बसून पिस्तुलाचा नेम धरते आहे. पायांत उंच टाचांचे बूट आहेत. स्पेनच्या यादवी युद्धावर किंवा युद्धातल्या स्त्रियांवर मराठीत लेख येतो, तेव्हा सोबत हा फोटो आपण अनेकदा पाहिला असेल. ऑगस्ट १९३६ मध्ये तो गेर्डा टारो या स्त्री युद्धछायाचित्रकाराने काढला. आपल्याकडे तो कधी तिचा सहकारी छायाचित्रकार रॉबर्ट कापाच्या नावावर छापला जातो, तर कधी खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ एवढेच असते. रशिया-युक्रेन असो वा गाझा, रोजच्या युद्धबातम्यांच्या फोटोंचीही हीच गत आहे : ‘संग्रहित छायाचित्र’, ‘वृत्तसंस्था’, नाहीतर काहीच नाही.

आम्ही वृत्तछायाचित्रे जपणारी, त्यांच्या नोंदी ठेवणारी आणि हा विषय शिकवणारी माणसे आहोत. एखादा फोटो कुणाचा, कुठला, कोणत्या तारखेचा हे पन्नास वर्षांनी ठरवायची वेळ येते तेव्हा हाताशी मोजकेच पुरावे असतात : निगेटिव्ह, प्रिंटच्या पाठीवरचा शिक्का आणि त्या काळी छापलेले पान. यातले पान तुमच्या हातात आहे. ते तुम्ही कोरे ठेवत आहात, ही आमची तक्रार आहे. टारोच्या बाबतीत काय घडले हे सविस्तर सांगितल्याशिवाय या तक्रारीचे वजन कळणार नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

गेर्टा पोहोरिल हे तिचे मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९१० चा, जर्मनीतल्या श्टुटगार्टचा. कुटुंब पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आलेले ज्यू, पासपोर्ट पोलिश. १९२९ मध्ये कुटुंब लाइपझिगला गेले. हिटलर सत्तेवर आल्यावर मार्च १९३३ मध्ये नाझीविरोधी पत्रके वाटल्याच्या संशयावरून तिला अटक झाली. सुटल्यावर त्याच वर्षी तिने पॅरिस गाठले. तिथे १९३४ मध्ये आंद्रे फ्रीडमान हा हंगेरियन तरुण भेटला. मारिया आइस्नर यांच्या ‘अलायन्स फोटो’ या संस्थेत काम करताना फोटो विकायचा कसा, कॅप्शन लिहायची कशी हे ती शिकली. फेब्रुवारी १९३६ मध्ये तिला पत्रकार म्हणून ओळखपत्र मिळाले.

त्याच वर्षीच्या वसंतात या दोघांनी ‘रॉबर्ट कापा’ हा माणूस तयार केला. कापा हा अमेरिकेतला बडा छायाचित्रकार, त्याचे फोटो स्वस्तात मिळायचे नाहीत, असे सांगून ती फोटो विकत असे. निर्वासिताच्या नावाला जो भाव मिळत नव्हता तो या नावाला मिळू लागला. पुढे फ्रीडमान कापा झाला आणि गेर्टा पोहोरिल गेर्डा टारो. म्हणजे सुरुवातीला ‘कापा’ हे एका व्यवसायाचे नाव होते आणि तो व्यवसाय दोघांचा होता. ‘कापाची मैत्रीण’ एवढीच तिची ओळख देणाऱ्या लेखांनी हे ध्यानात घ्यावे.

ऑगस्ट १९३६ मध्ये दोघे बार्सिलोनाला उतरले. त्याच्याकडे लायका कॅमेरा होता : ३५ मिलिमीटरची फिल्म, २४ बाय ३६ मिलिमीटरची आडवी फ्रेम, एका रोलमध्ये ३६ फोटो. तिच्याकडे चौकोनी फ्रेमचा रिफ्लेक्स कॅमेरा : सहा बाय सहा सेंटिमीटरची फ्रेम, रोलला १२ फोटो. असा कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो घेतात, त्यामुळे कोन खालून लागतो आणि समोरचा माणूस आकाशाच्या पार्श्वभूमीवर उंच उठून दिसतो. बारा फोटोंत रोल संपतो, म्हणून चौकट आधी मनात बसवावी लागते. किनाऱ्यावरच्या त्या तरुणीचा फोटो नीट पाहा, हे सगळे त्यात दिसेल. फेब्रुवारी १९३७ मध्ये मालागा शहर फ्रँकोच्या बंडखोर फौजांच्या हाती पडल्यावर आल्मेरियाकडे आलेल्या निर्वासितांचे फोटो घ्यायला दोघे पुन्हा बरोबर गेले. मे १९३७ मध्ये वालेन्सियावर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा शवागाराच्या फाटकाबाहेर आपली माणसे शोधणारी गर्दी आणि आत फरशीवर ठेवलेले मृतदेह तिने टिपले.

जुलै १९३७ मध्ये माद्रिदच्या पश्चिमेला ब्रुनेतेची लढाई झाली. कापा त्या वेळी पॅरिसमध्ये होता, टारो आघाडीवर एकटी होती. २५ जुलैला प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सरकारी बाजूच्या, फौजा माघार घेत असताना जखमींना नेणाऱ्या एका मोटारीच्या पायरीवर ती उभी राहिली. वरून विमानांचा मारा चालू होता, रस्त्यावर पळापळ होती. त्या गोंधळात प्रजासत्ताकाच्याच एका रणगाड्याची मोटारीला धडक बसली आणि ती चिरडली गेली. २६ जुलैला एल एस्कोरियालच्या इस्पितळात तिचा मृत्यू झाला. १ ऑगस्टला पॅरिसच्या पेअर लाशेज दफनभूमीत हजारो लोकांच्या उपस्थितीत तिला निरोप दिला गेला. त्या दिवशी तिला सत्ताविसावे वर्ष पूर्ण झाले असते. थडग्याचे शिल्प आल्बेर्तो जियाकोमेत्तीने केले. ती शत्रूच्या रणगाड्याखाली सापडली, माद्रिदमध्ये मेली किंवा ती फ्रेंच होती, हे सगळे चूक आहे. कृपया जुने लेख तपासून घ्या.

आता तिचे नाव पुसले कसे गेले ते पाहा. यात कुणी कट केला नव्हता. रोजच्या कामातल्या बारीकसारीक हलगर्जीने हे झाले.

सुरुवातीच्या महिन्यांत दोघांचेही फोटो बहुतेक करून कापाच्या नावाने विकले गेले. १९३७ च्या वसंताच्या सुमारास ‘रिपोर्ताज कापा अँड टारो’ असा जोडशिक्का आला, आणि त्यानंतर तिचा स्वतःचा ‘फोटो टारो’ हा शिक्का. तोवर पॅरिसच्या ‘स सुआर’ आणि ‘रगार’ या नियतकालिकांमध्ये तिचे काम तिच्या नावाने येऊ लागले होते. मग ती गेली. कापाने १९३८ मध्ये न्यूयॉर्कला स्पेनच्या युद्धावरचे पुस्तक काढले आणि ते तिलाच अर्पण केले, पण आतल्या फोटोंपैकी कुठला कुणाचा हे त्यात सांगितलेले नव्हते. त्यातले तिचे फोटो वेगळे दाखवायला २०२० ची आवृत्ती यावी लागली. तिचे आईवडील आणि भाऊ नाझींच्या संहारात मारले गेले, त्यामुळे ‘हा फोटो आमच्या मुलीचा’ म्हणायला घरचे कुणी उरले नाही. कापा १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला. दोघांचे काम एकाच संग्रहात राहिले, त्या संग्रहाचे नाव कापाचे होते, आणि पुढच्या प्रिंट त्याच नावाने जगभर गेल्या. मासिकांनी संग्रहाचे नाव उचलून छायाचित्रकाराच्या जागी टाकले. कापाला यात दोषी धरणे आम्हाला मान्य नाही. दोष द्यायचाच तर पाठीवरचा शिक्का न वाचता पान लावणाऱ्यांना द्यावा लागेल.

नाव परत मिळवायला किती खटाटोप पडला, तेही सांगितले पाहिजे. इर्मे शाबर या जर्मन अभ्यासकर्तीने तिचे चरित्र १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत तिच्या कामाचे पहिले मोठे प्रदर्शन २००७ मध्ये भरले. त्याच वर्षी डिसेंबरात मेक्सिको सिटीहून तिथे पुठ्ठ्याचे तीन खोके पोहोचले. त्यांत कापा, टारो आणि छायाचित्रकार डेव्हिड सेमूर ऊर्फ चिम यांच्या स्पेनमधल्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह होत्या. दोन खोक्यांत पुठ्ठ्याचे छोटे कप्पे आणि एकेका कप्प्यात फिल्मची गुंडाळी. तिसऱ्यात पाकिटे, पाकिटांत कापलेल्या पट्ट्या. पॅरिसमधून निसटताना आपल्या मित्राचे, म्हणजे कापाचे, काम वाचवणाऱ्या चिकी वाइसमुळे हे सगळे टिकले.

चौकोनी फ्रेम टारोची आणि आडवी कापाची, ही ढोबळ खूण १९३६ च्या फोटोंना बऱ्यापैकी लागू पडते. पुढच्या वर्षी तीही लायका वापरू लागली, त्यामुळे ती खूण निकामी झाली. मेक्सिकोच्या खोक्यांत तर सगळी ३५ मिलिमीटरचीच फिल्म. मग काम कसे चालते? फिल्मच्या कडेवरचे फ्रेमचे आकडे बघून आधीची आणि नंतरची चित्रे जुळवायची. त्याच रोलमध्ये ती स्वतः एखाद्या फ्रेममध्ये दिसली तर तेवढी फ्रेम तरी दुसऱ्याच्या हातची हे उघड. कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचे छोटे प्रिंट) चिकटवलेल्या वह्या, खोक्यांच्या झाकणांवरच्या नोंदी, प्रिंटमागचे शिक्के पडताळायचे. कोण कोणत्या दिवशी कुठे होते याचा तक्ता करायचा. जुलैतली ब्रुनेतेची चित्रे तिची, हे अशा तक्त्यामुळे पक्के होते, कारण कापा तिथे नव्हताच. सेगोव्हिया आघाडीवर मात्र दोघे एकाच वेळी, एकाच आकाराची फिल्म घेऊन उभे होते. तिथे शेवटचा आधार म्हणून त्या आठवड्यातले छापील साप्ताहिक उघडावे लागते. तिथे नाव असले तर प्रश्न सुटतो, नसले तर लटकतो. आणि त्या काळच्या मांडणीकाराने चौकोनी फोटो कापून उभा केला असेल, तर फ्रेमचा आकार हा पुरावाही पानावरून गेलेला असतो.

संपादकहो, आता आपल्या पानांकडे या.

आमची सर्वात मोठी तक्रार ही की नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले असते आणि आपल्या कार्यालयात ते उडते. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या फोटोच्या कॅप्शनच्या शेवटी कंसात संस्थेचे आणि छायाचित्रकाराचे नाव असते. अन्या नीडरिंगहाउस ही दुसरी जर्मन छायाचित्रकार : जन्म १९६५, गाव ह्योक्स्टर. सारायेव्होपासून इराकपर्यंत तिने काम केले, आणि इराक युद्धाच्या छायाचित्रांसाठी असोसिएटेड प्रेसच्या ज्या चमूला २००५ चे पुलित्झर मिळाले त्यात ती होती. ४ एप्रिल २०१४ रोजी अफगाणिस्तानात खोस्त प्रांतात, निवडणुकीच्या आदल्या दिवशी, एका पोलीस अधिकाऱ्याने गाडीत बसलेल्या तिच्यावर गोळ्या झाडल्या. तिने पाठवलेल्या फोटोखाली तिचे नाव होते. उपसंपादक कॅप्शनचा मराठी अनुवाद करतो, कंस उडवतो आणि ‘एपी’ ठेवतो, किंवा तेही नाही. जागा वाचते ती जेमतेम दोन शब्दांची. भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानातल्या स्पिन बोल्दकला मारला गेला तेव्हा आपण सर्वांनी त्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले. त्याच्या हयातीतल्या फोटोंखाली ते किती वेळा छापले होते, हे आपापले जुने अंक काढून बघावे.

दुसरी तक्रार ‘सौजन्य : इंटरनेट’ची. शोधयंत्र फोटो काढत नाही. ज्या पानावरून फोटो उचलला त्या पानावर नाव असते, किंवा तोच फोटो शोधयंत्रात टाकून उलट शोध घेतला तर दोन मिनिटांत मूळ संग्रहापर्यंत पोहोचता येते. ते करायला वेळ नसेल तर तो फोटो छापायलाही वेळ नाही, असे समजावे.

तिसरी तांत्रिक आहे, पण बहुतेक नावे हिच्यामुळेच हरवतात. फोटोच्या फाइलमध्ये छायाचित्रकार, संस्था, दिनांक, ठिकाण, कॅप्शन यांचे रकाने असतात. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला की हे रकाने पुसले जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी पोहोचते. स्क्रीनशॉटमध्ये यातले काहीच नसते. फोटोशॉपमधून वेबसाठी फाइल काढताना मेटाडेटाचा, म्हणजे याच रकान्यांचा, पर्याय ‘नन’वर राहिला तर तिथेच सगळे संपते. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर फोटोची लहान आवृत्ती जीडी लायब्ररी या सॉफ्टवेअरने होत असेल तर रकाने गळतात, इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरने होत असेल तर ते राखता येतात. आपल्या तांत्रिक विभागाला एवढे एकच विचारा : आपल्याकडे यातले काय चालते?

देवनागरीत नाव भरणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. फाइलमध्ये हे रकाने भरण्याच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत छायाचित्रकाराच्या नावाच्या रकान्याला ३२ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजून, तीन बाइट घेते. ‘गेर्डा टारो’ ३१ बाइटांत कसेबसे बसते. ‘अन्या नीडरिंगहाउस’ला ४९ लागतात, म्हणून ते मध्येच तुटते किंवा त्याची प्रश्नचिन्हे होतात. यावर उपाय सोपा आहे : नाव एक्सएमपी या नव्या पद्धतीच्या ‘क्रिएटर’ रकान्यात देवनागरीत भरा, तिथे ही मर्यादा नाही. आयपीटीसीच्या रकान्यात संस्थेकडून आलेले मूळ लिपीतले नाव तसेच राहू द्या. त्याला हात लावू नका.

हा नुसता शिष्टाचाराचा मामला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ निर्मात्याला आपले नाव सांगण्याचा हक्क देते, आणि आर्थिक हक्क विकल्यानंतरही तो त्याच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ ब याच्याही पुढे जाते. हक्कांविषयीची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. आम्हाला कुणावर खटले घालायचे नाहीत. पण फोटो विभागात हे कलम माहीत असलेला एक तरी माणूस असावा.

‘संस्थेचे नाव दिले की पुरे’ असे काही जण म्हणतात. त्यांनी ८ जून १९७२ चा व्हिएतनाममधल्या चांग बांगचा फोटो आठवावा, नापाम बॉम्बने भाजलेल्या मुलीचा. सायगावात असोसिएटेड प्रेसचा फोटो विभाग होर्स्ट फास या बर्लिनमध्ये जन्मलेल्या छायाचित्रकाराच्या हाती होता. नग्नतेच्या नियमामुळे अडलेला तो फोटो पाठवण्याचा आग्रह त्यानेच धरला. फोटोवर निक उट यांचे नाव लागले. तो प्रत्यक्षात एका व्हिएतनामी हंगामी छायाचित्रकाराने काढला होता आणि नाव कार्यालयात बदलले गेले, असा दावा २०२५ मध्ये जाहीरपणे पुढे आला. असोसिएटेड प्रेसने चौकशी करून उट यांचेच नाव कायम ठेवले, वृत्तछायाचित्रांचे पुरस्कार देणाऱ्या वर्ल्ड प्रेस फोटोने मात्र नावाची नोंद स्थगित केली. त्रेपन्न वर्षांनंतर दोन मातब्बर संस्था एका नावावर एकमत होऊ शकल्या नाहीत. त्या दिवशी कार्यालयात कोण काय म्हणाले हे सांगायला फास नाही, तो २०१२ मध्ये गेला. तालुक्याच्या ठिकाणाहून आपल्याला फोटो पाठवणारे हंगामी छायाचित्रकार याच जागी उभे आहेत. त्यांचा फोटो पहिल्या पानावर लागतो आणि खाली ‘प्रतिनिधी’ छापले जाते.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव आधी आणि संस्थेचे नंतर छापावे, वाचता येईल अशा आकारात. कडेला उभे, सहा पॉइंटात दडपलेले नाव आम्ही नाव मानत नाही. शोधूनही नाव मिळाले नाही तर ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे स्वच्छ लिहून फोटो कुठून घेतला ते द्यावे. ‘सौजन्य : इंटरनेट’ ही ओळ आजपासून बंद करावी.

जुना फोटो असेल तर ‘संग्रहित’सोबत ठिकाण, महिना आणि वर्ष द्यावे. युद्धाच्या फोटोला तर याशिवाय पानावर जागा देऊच नये. एका लढाईचा फोटो दुसऱ्या लढाईच्या बातमीत जातो तो इथूनच.

ऐतिहासिक फोटो पूर्ण चौकटीत छापावा. टारोचा चौकोनी फोटो संकेतस्थळाच्या आडव्या साच्यात बसवायला डोक्यावरचे आकाश किंवा पायातले बूट कापू नयेत. बाजूला पट्टी सोडली तरी चालेल. कापणे अगदीच भाग पडले तर ‘छायाचित्राचा भाग’ असे लिहावे.

संकेतस्थळाच्या प्रणालीत छायाचित्रकाराचा रकाना सक्तीचा करावा. तो रिकामा असेल तर बातमी प्रसिद्धच होऊ नये, एवढी साधी अट तांत्रिक विभाग सहज घालू शकतो. छपाईसाठी फोटोची जी फाइल पानावर जाते तिची मूळ प्रत, कुठलाही रकाना न पुसता, वेगळ्या साठ्यात ठेवावी.

हंगामी वार्ताहराने किंवा छायाचित्रकाराने पाठवलेल्या फोटोवर त्याचेच नाव लागावे. मानधनाच्या नोंदवहीतही फोटोचा क्रमांक आणि नाव एकत्र असावे, म्हणजे पुढे वाद झाला तर कागद सापडेल.

आणि टारोबद्दल : आपल्या संकेतस्थळावरचे स्पेनच्या यादवी युद्धाविषयीचे लेख शोधा. किनाऱ्यावरची नेमबाज तरुणी, वालेन्सियाचे शवागार, जुलै १९३७ चे ब्रुनेते, हे फोटो कापाच्या किंवा इंटरनेटच्या नावावर असतील तर दुरुस्त करा आणि लेखाखाली दुरुस्तीची तारीख घाला. छापील अंकात चूक झाली असेल तर चूकदुरुस्तीच्या चौकटीत तीन ओळी द्या. कुठला फोटो कुणाचा याविषयी शंका असेल तर फोटो, अंकाची तारीख आणि पान क्रमांक आमच्याकडे पाठवा. पडताळणीचे काम आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले,
वृत्तछायाचित्रांचे संग्राहक, नोंदणीकार आणि अध्यापक